न तुटणारं विमान

२ मार्च, सोमवार

नोकरीत होतो तोवर तपासणीची वही रोज लिहायचो, चौतीस वर्षं. निवृत्तीनंतर वही सुटली. आज पुन्हा नवी वही काढली आहे, कारण एक काम हाती घेतलंय आणि त्याला दिवस मोजके आहेत.

आधी बातमी. चिरंजीवांना बढती मिळाली. लिफ्टच्या कंपनीत आहे, आता दुसऱ्या शहरातलं ऑफिस सांभाळायचं. सूनबाई आणि नात बरोबर जाणार. वीस एप्रिलला सामान हलेल. संध्याकाळी त्याने मला पत्र दाखवायला आणलं. रुजू होण्याची तारीख सव्वीस एप्रिल टाकली होती आणि तो रविवार आहे, हे मी लगेच दाखवून दिलं. "बघतो अप्पा," म्हणाला आणि पत्राची घडी घालून आत गेला. नंतर हिने मला फैलावर घेतलं, आधी 'छान झालं' म्हणायचं असतं म्हणे. छान झालं हे पत्रातच लिहिलंय, त्यात मी काय भर घालणार?

आता काम. नात नऊ वर्षांची आहे. एका जागी बसत नाही म्हणून तिला भिंगरी हे नाव मीच ठेवलं. मला अरेतुरे करणारी घरात ती एकटीच. काल तिला सायकल चालवायला गावाबाहेरच्या मैदानावर नेलं होतं. तिथे चार-पाच जण रिमोटची विमानं उडवत होते. भिंगरी सायकल आडवी टाकून तासभर तोंड वर करून उभी. परत येताना म्हणाली, "आजोबा, आपण आणूया ना? तू आणि मी." मी म्हटलं, आणू, पण नीट बघून आणू.

जाईपर्यंत सात रविवार आहेत. तिला माझ्याबरोबर विमान उडवल्याची आठवण राहावी, एवढंच मला हवंय. पुरे झाले सात.

५ मार्च, गुरुवार

भिंगरीला घेऊन विमानांच्या दुकानात गेलो. दुकानदार तिशीचा असेल, बोटांना सगळीकडे डिंक वाळलेला. रविवारी मैदानावर तोही असतो.

त्याने तीन दाखवली. पहिलं फोमचं, पंख वरच्या बाजूला, तोंड बोथट, दिसायला अगदीच बापुडवाणं. दुसरं लढाऊ, लालभडक. तिसरं हलक्या लाकडाच्या तुकड्यांचं, घरी जोडायचं. मी विचारलं, शिकाऊ माणसाला कोणतं? त्याने पहिल्याचा पंख धरून चक्क वाकवला. "हे घ्या काका. हळू उडतं, हात सोडले तरी आपोआप सरळ होतं. पडलं तर तुटतं, चिकटवायचं, परत उडवायचं. शिकण्यापुरतं एवढंच लागतं."

तुटतं हे गुण म्हणून सांगणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला. आमच्या कारखान्यात पंपाचा सुटा भाग घेऊन कोणी असं म्हणालं असतं, तर दाराबाहेर घालवलं असतं.

भिंगरी रिमोटच्या दांड्या हलवून बघत होती. कोणतं हवं म्हणून विचारलं तर म्हणाली, "जे या रविवारी उडेल ते."

मी म्हटलं, घाई नको.

११ मार्च, बुधवार

तक्ता तयार केला. तीन विमानं, चौदा रकाने. पंखांची लांबी, वजन, मोटर, बॅटरी किती मिनिटं टिकते, सुटे भाग मिळतात का, वगैरे. दुकानात चार फोन केले. पाचव्याला त्याने उचलला नाही, गिऱ्हाईक असेल.

ही डोकावून म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा पाऊण तासात होकार दिला होतात. विमानाची पत्रिका जास्तच कडक दिसतेय." मी म्हटलं, तेव्हा रकाने कुठे आखले होते. ती हसली, पण जाताना म्हणाली, की आठ तारखेचा रविवार गेला. मला माहीत आहे. बिनविमानाचं मैदानावर जाऊन आलोच की आम्ही, मी निरीक्षणं टिपली. भिंगरी गवतात बसून होती.

१६ मार्च, सोमवार

फोमचंच घेतलं. तक्त्यात तेच वर आलं. म्हणजे दुकानदार म्हणाला तेच निघालं, पण त्याने अंदाजाने सांगितलं, मी पडताळून घेतलं.

भिंगरीने खोका पोटाशी धरून आणला. घरी आल्याबरोबर पंख टेबलावर ठेवून मोजला. डावं टोक उजव्यापेक्षा दोन मिलिमीटर खाली. पुन्हा मोजलं, दोनच. खोका बंद केला. भिंगरी म्हणाली, "आजोबा, मला तर सरळ दिसतंय." दिसणं वेगळं आणि असणं वेगळं, हे तिला समजावून सांगितलं.

चिरंजीव दारात उभे होते. "अप्पा, फोम आहे तो. हाताने दाबला तरी दोन मिलिमीटर हलेल." मी म्हटलं, दाबायचा कशाला, चांगला मागवू. त्यावर काही बोलला नाही. मुद्दा पटला की तो गप्प बसतो, लहानपणापासूनची सवय आहे.

२४ मार्च, मंगळवार

दुसरा खोका आला, त्यात शेपटीवर ओरखडा. परत पाठवला. आज तिसरा आला आणि तो पास केला. दुकानदार म्हणाला, "काका, तुम्ही बोहल्यावरच उभं करताय याला." माणूस विनोदी आहे.

मधला बावीसचा रविवार रिकामा गेला. भिंगरी मैत्रिणीकडे खेळायला गेली. जायच्या आधी माझ्या खोलीत येऊन दोनदा विचारून गेली, "आज नाही ना?"

२८ मार्च, शनिवार

उद्या उडवायचं ठरलं होतं. सकाळी सगळी जोडणी केली, बॅटरी भरली. नाश्त्याला बाहेर गेलो तेवढ्यात खोलीतून धप्प असा आवाज आला. भिंगरीने विमान हातात घेऊन खोलीभर फिरवलं आणि कपाटावर आपटलं. नाक चेपलं, चांगलं बोटभर.

मी ओरडलो नाही. एवढंच म्हणालो, की हात लावण्याआधी विचारायचं असतं. तेवढ्यावर ती पडद्यामागे जाऊन उभी राहिली. पाय दिसत होते. सूनबाई म्हणाली, "अप्पा, तिचंच आहे ना ते?" आमचं दोघांचं आहे, म्हणूनच तर.

दुकानदाराला फोन केला. म्हणाला, गरम पाण्यात नाक बुडवा, फुगून येईल, उद्या या. पण माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. नुसत्या कपाटाला लागून हे झालं, तर मैदानावर पहिल्या दिवशीच चक्काचूर होणार. आणि ते पोरीच्या हातून झालं तर तिच्या मनात कायमचं राहणार. विमान असं पाहिजे की तिच्या हातून ते तुटताच कामा नये. मजबूत करून घेतो. एक रविवार जाईल, पण तिचं वाईट वाटणं वाचेल.

४ एप्रिल, शनिवार

आठवडाभर मान वर केली नाही. फार दिवसांनी असं काम केलं.

पंखाच्या खालून अॅल्युमिनियमच्या पट्ट्या बसवल्या. नाकावर दोन ट्यूबांच्या डिंकात भिजवलेलं कापड, तीन थर. अंगाला धाग्याची चिकटपट्टी. नाक जड झाल्यामुळे विमान पुढे झुकायला लागलं, तेव्हा शेपटीत शिशाचे तुकडे बसवून तोल बरोबर पंखावरच्या खुणेवर आणला. दोन बोटांवर ठेवलं तर आडवं राहतं, जरासुद्धा कलत नाही. नाकावर अंगठ्याने ठोकलं तर लाकडासारखा आवाज येतो.

चिरंजीव एकदा येऊन बघून गेला. "अप्पा, तुटू द्या की तिच्या हातून. काय होईल?" मी त्याला आठवण करून दिली, की चौथीत त्याने पुठ्ठ्याचा पूल केला होता, त्यात कोन चुकले होते. मी दाखवले म्हणून त्याने पुन्हा केला आणि बक्षीस मिळालं. तो म्हणाला, "पुन्हा तुम्ही केला होतात अप्पा. मी डिंक धरून उभा होतो."

असेल. बक्षीस तर त्याच्याच नावावर आहे.

१२ एप्रिल, रविवार

मागच्या रविवारी डिंक वाळायचा होता. आज वारा होता. मैदानावर गेलो, पण मी विमानाची पेटी उघडली नाही. पहिलं उड्डाण अशा वाऱ्यात करायचं नसतं असं सूचनापत्रकात स्पष्ट लिहिलंय. बाकीचे उडवत होते. त्यांची विमानं हेलकावे खात होती, एक झुडपात गेलं, माणसं हसत होती.

भिंगरी पेटीवर बसली होती. एकदा म्हणाली, "आजोबा, आपलं खरंच उडतं का?"

हा प्रश्न मला लागला. घरी आल्यावर सगळं पुन्हा तपासलं.

१९ एप्रिल, रविवार

लिहायची इच्छा नाही. तरी आजच लिहितो.

पान हलत नव्हतं, आकाश स्वच्छ. सगळे आले होते, हीसुद्धा. दुकानदाराने आमचं विमान हातात घेतलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "काका, जड लागतंय हो." मी म्हटलं, तोल खुणेवर आहे, बघा बोटांवर ठेवून. त्याने ठेवलं. मग ते भिंगरीच्या हातात दिलं.

रिमोट मी घेतला. पहिलं मी उडवून देतो, वर गेलं की तुझ्या हातात देतो, असं भिंगरीला सांगितलं. तिने विमान डोक्यावर धरलं, पळत गेली आणि फेकलं. पंधरा पावलांवर गवतात. म्हटलं, फेकण्यात चूक झाली. दुसऱ्यांदा चिरंजीवाने फेकलं. मोटर पूर्ण जोरात, विमान माणसाच्या उंचीवर गेलं, मी नाक वर ओढलं तर ते अडखळलं आणि डाव्या अंगावर दाणकन आलं. तिसऱ्यांदा दुकानदाराने फेकलं. तेच. मग बॅटरी उतरली.

विमानाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

त्यानंतर जे झालं ते लिहायची लाज वाटते. दुकानदार त्याचं विमान घेऊन आला, आमच्यासारखंच, पण चिकटपट्ट्या लावलेलं, ठिकठिकाणी डिंकाचे पिवळे डाग. भिंगरीपुढे बसून म्हणाला, "माझं उडवतेस का? पाच मिनिटं. मी वर नेतो, मग तू धर." तिचा हात पुढे गेलासुद्धा होता. मी म्हणालो, "नको. आपण आपलं आणलंय."

चिरंजीव म्हणाला, "अप्पा, उडवू द्या ना तिला." आवाज अगदी खालचा होता, त्याने विनंतीच केली होती. मी म्हटलं, दुसऱ्याची वस्तू, पडलीबिडली तर? दुकानदार म्हणाला, पडू दे. मी आवराआवर करायला घेतली.

भिंगरीने हात मागे घेतला. रडली असती तर बरं झालं असतं. गाडीत माझ्या मांडीवरच्या विमानाला बोट लावून म्हणाली, "आजोबा, बघ, तुटलं नाही."

माझी समजूत काढत होती ती.

मला 'नको' का म्हणावंसं वाटलं? दिवसभर हाच विचार करतोय. पाच मिनिटं होती. तिचं पहिलं उड्डाण दुसऱ्याच्या विमानावर झालं असतं तर माझं काय गेलं असतं? काही नाही. तिला ते आयुष्यभर आठवलं असतं आणि त्यात मी शेजारी उभा असतो. तेही चाललं असतं मला. आता कळतंय की चाललं असतं.

२० एप्रिल, सोमवार

गेली सगळी. सामानाची गाडी सकाळी आली. विमान बरोबर द्या म्हणून ही म्हणाली, मी नाही दिलं. न उडणारं विमान काय द्यायचं. भिंगरीने खिडकीतून हात हलवला, कोपऱ्यापर्यंत हलवत होती. चिरंजीव पाया पडला तेव्हा मला काहीतरी बोलायचं होतं. गाडीच्या मागच्या डाव्या चाकात हवा कमी दिसत होती, ते सांगितलं.

२३ एप्रिल, गुरुवार

विमान दुकानात नेलं. त्याने काट्यावर ठेवलं. मूळ वजन चारशे ऐंशी ग्रॅम, माझं सातशे पस्तीस. "तोल कितीही बरोबर असला काका, एवढ्या पंखाला एवढं वजन नाही पेलत. यापेक्षा तुटलेलं बरं होतं."

घरी येऊन तक्ता काढला. वजनाचा रकाना दुसराच आहे. दुकानातल्या विमानाचं वजन माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे. मी एवढं काम केल्यावर एकदासुद्धा काट्यावर ठेवलं नाही. चौतीस वर्षं दुसऱ्यांचं काम तपासलं, माझं तपासायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. दोन मिलिमीटरसाठी पोरीचा एक रविवार घालवला आणि अडीचशे ग्रॅम दिसले नाहीत.

हिला सांगितलं. मला वाटलं चिडवेल. ती माझ्याजवळ बसून राहिली, आणि तेच जास्त लागलं.

३ मे, रविवार

पट्ट्या उपटल्या, नाकावरचं कापड खरवडून काढलं, शिसं काढलं. फोमचे लचके निघाले. दिसायला भयंकर झालं आहे. दुकानदाराबरोबर मैदानावर गेलो.

उडालं. पहिल्याच फेकीत, काही न करता. त्याने वर नेऊन रिमोट माझ्या हातात दिला. दांडी सोडली की ते खरंच आपोआप सरळ होतं. मी फक्त धरून उभा होतो. चौथ्या फेरीला माझ्याकडून वळणात चुकलं आणि पंख मधोमध तुटला. दुकानदाराने खिशातून डिंक काढला, लावला, गप्पा मारत हातात धरून बसला. दहा मिनिटांनी परत उडवलं.

दहा मिनिटं लागली. मी सात रविवार घेतले होते.

सगळ्यांदेखत डोळ्यांत पाणी आलं. दुकानदार म्हणाला, ऊन आहे काका, टोपी घालत जा. भला माणूस आहे.

आठवण मी तिला द्यायला निघालो होतो. आता जी काही आहे ती माझ्याकडे आहे आणि तिच्यात भिंगरी नाही.

१७ मे, रविवार

सकाळी भिंगरीचा व्हिडिओ कॉल. "आजोबा, फोन आडवा धर आणि काही बोलू नकोस, बघ फक्त." मागे मोकळं पटांगण होतं. गवतावर विमान, आमच्यासारखंच फोमचं. अंगभर पट्ट्या, एका पंखाचा रंगच वेगळा.

"अकरा वेळा पडलं," ती म्हणाली. सांगताना छाती फुगली होती. "बाबाने आणलं. तो म्हणत होता, आजोबांना इतक्यात दाखवू नको, ते चुका काढतील, आधी नीट यायला लागू दे. पण मी म्हटलं, आत्ताच दाखवणार."

फोन सूनबाईने धरला. चिरंजीवाने विमान फेकलं आणि तो भिंगरीच्या मागे जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागे बांधून. एकदा विमान फार कललं. मला इथे बसल्या जागी ओरडावंसं वाटलं. त्याचे हात पाठीमागेच. तिने सावरलं. तीन फेऱ्या मारल्या आणि उतरवलं, म्हणजे पाडलंच, पण चाकांवर.

शेपटी वाकडी चिकटवली होती. उजवीकडे चांगली तीन-चार मिलिमीटर. त्यामुळेच ते सारखं एका अंगाला ओढत होतं. मला पहिल्या फेरीतच दिसलं.

मी म्हणालो, "फार छान उडवलंस गं."

ती फोनजवळ येऊन थांबली. "आणि?"

"आणि काय?"

"चूक सांग ना."

ही माझ्या शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही दिसली. एकही नाही."

"बाबा!" भिंगरी मागे वळून ओरडली. "आजोबा म्हणतोय, एकही चूक नाही!" आणि आईच्या हातून फोन घेऊन उड्या मारत पळाली. आकाश, गवत, तिची चप्पल, सगळं फिरलं. मी म्हटलं, बाबाकडे दे, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यालाही छान म्हणायचं होतं. तेवढं एकच वाक्य मनात जुळवत होतो.

"तो नाही येत," ती म्हणाली. "शेपटी काढतोय."

"का?"

"वाकडी आहे म्हणतो. म्हणतो, आजोबांना दिसली असणारच, बोलले नाहीत एवढंच."

मी म्हटलं, त्याला सांग, राहू दे, चांगलं उडतंय. तिने सांगितलं. "ऐकत नाही," म्हणाली आणि फोन त्याच्याकडे वळवला. तो गवतात मांडी घालून बसला होता, विमान मांडीवर, खाली मान घालून पट्टी सोलत होता. डोक्यावर मागच्या बाजूला केस बरेच गेलेत त्याचे. एका घरात राहत होतो, मला कधी दिसलं नव्हतं.